नागपुरातील कुलगुरूंना खुले पत्र: शिकवण्यासाठीचा पैसा शोधायला एक माणूस द्या

प्रति,
नागपुरातील विद्यापीठांचे कुलगुरू, तसेच व्यवस्थापन परिषदांचे आणि वित्त व लेखा समित्यांचे सन्माननीय सदस्य

सविनय नमस्कार.

उमरेड रोडवरच्या एका संलग्नित महाविद्यालयात मी १८ वर्षांपासून भौतिकशास्त्र शिकवतो. हाच विषय मी अर्जांतून, बैठकांतून आणि एकदा अधिसभेच्या एका सदस्यांमार्फत मांडून पाहिला. दर वेळी उत्तर एकच मिळाले: कल्पना चांगली आहे, अनुदान मिळते का बघा. अनुदान कुठे बघायचे, कोणी बघायचे आणि मिळालेच तर ते कोणाच्या खात्यावर यायचे, हे मात्र कोणी सांगितले नाही. म्हणून आता हे पत्र सर्वांसमोर लिहितो आहे.

माझी मागणी आधीच सांगतो. वर्गात आणि प्रयोगशाळेत तंत्रज्ञान आणणाऱ्या अध्यापन प्रकल्पांसाठी अनुदान शोधणे, अर्ज उभा करणे आणि तो सह्याशिक्क्यांसह मुदतीत पाठवणे, एवढेच काम करणारा एक माणूस प्रत्येक विद्यापीठाने नेमावा. आणि त्याच्या हाताशी एक लहान बीजनिधी, म्हणजे छोट्या प्रकल्पांना सुरुवातीला द्यायचा पैसा, ठेवावा. यापलीकडे मला काही मागायचे नाही.

ही मागणी एका स्पेक्ट्रोमीटरमुळे, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून त्यांचे कोन मोजणाऱ्या यंत्रामुळे, सुचली. बी.एस्सी. द्वितीय वर्षाच्या एका बॅचला २२ मुले असतात. आमच्याकडे स्पेक्ट्रोमीटर ४, त्यातल्या एकाच्या दुर्बिणीचा स्क्रू सरकतो, म्हणजे कामाचे ३. एका यंत्राभोवती सात जण उभे राहतात, दोघे हात लावतात आणि बाकीचे वहीत आकडे उतरवून घेतात. लेव्हलिंग करणे, दुर्बीण दूरच्या वस्तूवर जुळवणे, प्रिझम ठेवून कमीत कमी विचलनाची जागा शोधणे यातच तासाभराच्या वर वेळ जातो. मुले भिवापूर, कुही, पवनी इकडची. इतवारी-नागभीड छोटी रेल्वे २०१९ साली गेज बदलण्यासाठी बंद झाली, तेव्हा त्यांची सगळी भिस्त एसटीवर आली. वाचने घ्यायला सुरुवात होते न होते तोच एक मुलगी दप्तर आवरू लागली. मी विचारले, तेव्हा म्हणाली, "सर, साडेतीनची गाडी चुकली तं घरी पोहोचाले रात्र होते." तिला थांब म्हणण्याचा अधिकार मला नव्हता.

त्या उन्हाळ्यात मी मोबाइलवर ११ छोट्या चित्रफिती केल्या. प्रत्येक तीन-चार मिनिटांची, बोलणे मराठीत, संज्ञा परीक्षेत येतात तशा इंग्रजीतल्याच. पंख्याची घरघर ध्वनिमुद्रणात येते म्हणून मे महिन्यात प्रयोगशाळेचे पंखे बंद करून चित्रण केले. नागपूरचा मे काय असतो हे आपणांस सांगायला नको. आमच्या परिचराने सोडियम दिवा धरून ठेवण्यापासून पडदे ओढण्यापर्यंत सगळे केले आणि शर्ट पिळत घरी गेला. गावांकडे नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून फिती मेमरी कार्डावर भरून दिल्या. मुलांनी त्या बसमध्ये पाहिल्या. पुढच्या प्रॅक्टिकलला दुर्बीण कोणत्या स्क्रूने जुळवायची हे मला सांगावे लागले नाही. मुलांचे हात आपोआप तिकडे जात होते.

मला फरक दिसला, पण मी तो मोजला नव्हता. पुढे अर्ज भरायला बसलो तेव्हा याचे मोल कळले. प्रत्येक अर्जात एक रकाना असतो: आपल्या उपक्रमाने विद्यार्थ्यांच्या शिकण्यात बदल झाला, हे आपण कसे दाखवणार? माझ्याकडे ना आधीची चाचणी होती, ना नंतरची. शेजारच्या बॅचशी तुलनाही केलेली नव्हती. होत्या त्या ११ फिती, एक खात्री, आणि माजी विद्यार्थ्याने घेऊन दिलेला एक कॉलर माइक.

पैसा कुठे आहे हे शोधण्यात माझी दोन वर्षे गेली. त्यातून जे हाती आले ते इथे मांडतो. ही माहिती एका टेबलावर तयार असती, तर माझ्यासारख्या प्रत्येकाची दोन वर्षे वाचली असती.

सर्वात आधी, बरेच काही फुकट आहे आणि ते आपण पुरेसे वापरत नाही. २००९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय आयसीटी शिक्षण मोहिमेतून व्हर्च्युअल लॅब्ज, म्हणजे संगणकावर प्रयोग करून पाहण्याच्या प्रयोगशाळा, उभ्या राहिल्या. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल, म्हणजे सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या ध्वनिचित्रफिती, त्याच मोहिमेतले असून ते मराठीतही आहे. स्वयम् हे केंद्र सरकारचे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ २०१७ पासून आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम त्यावरून घेण्याची मुभा दिली आहे. मूडल हे वर्गाचे साहित्य आणि चाचण्या ऑनलाइन ठेवण्याचे मुक्त सॉफ्टवेअर असल्याने त्याच्या परवान्याला पैसे लागत नाहीत. खर्च येतो तो सर्व्हरचा आणि ते सांभाळणाऱ्या माणसाचा. म्हणजे आपल्याला अनुदान लागते ते यंत्र किंवा सॉफ्टवेअर विकत घेण्यासाठी कमी, आणि हे सगळे आपल्या मुलांच्या भाषेत, त्यांच्या प्रश्नपत्रिकेला आणि त्यांच्या बसच्या वेळेला जुळवून घेण्यासाठी जास्त.

आता अनुदानाकडे येतो. बहुतेक योजनांच्या पाटीवर 'संशोधन' लिहिलेले असते. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन स्थापन झाले आणि जुने एसईआरबी, म्हणजे विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ, त्यात विलीन झाले. तिथे नव्या पदार्थांवर किंवा नव्या औषधांवर अर्ज करता येतो, स्पेक्ट्रोमीटर शिकवण्याच्या पद्धतीवर करता येत नाही. शिकवण्याकडे थेट बघणाऱ्या योजना मोजक्याच आहेत. जैवतंत्रज्ञान विभागाची स्टार कॉलेज योजना २००८ पासून पदवी स्तरावरच्या विज्ञान विभागांना प्रात्यक्षिके सुधारण्यासाठी पैसा देते. माझ्या मते आमच्यासारख्या महाविद्यालयांसाठी हीच सर्वात जवळची वाट आहे. तंत्रशिक्षणात अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची (एआयसीटीई) मोडरॉब्स योजना जुन्या झालेल्या प्रयोगशाळा नव्या करण्यासाठी आहे. सामाजिक शास्त्रांतल्या सहकाऱ्यांना भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे (आयसीएसएसआर) दार ठोठावता येते, पण तिथेही प्रकल्प 'मुले कशी शिकतात याचा अभ्यास' म्हणून मांडावा लागतो. 'आम्हाला टॅब हवेत' असे म्हणून चालत नाही. शिकवणे तेच असते, पण कोणत्या दारात ते कोणत्या नावाने न्यायचे, हे जाणणे ही एक स्वतंत्र कला आहे. वर्गावर जाणाऱ्या प्राध्यापकाकडे ती असतेच असे नाही, आणि असावी अशी अपेक्षाही धरू नये.

पीएम-उषा या उच्च शिक्षणासाठीच्या केंद्रीय योजनेचा आकडा आपणांस माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे: २०२३-२४ ते २०२५-२६ या तीन वर्षांसाठी १२,९२६ कोटी, केंद्र आणि राज्य यांचा वाटा ६० आणि ४०. अशा मोठ्या पैशातून इमारती आणि उपकरणे उभी राहतात, आणि त्यांची गरजही आहे. पण त्या प्रस्तावांच्या बैठकीत 'ही उपकरणे वापरून शिकवणार कोण, आणि त्याची तयारी तो कधी करणार' हा प्रश्न विचारणारे कोणी असते का, एवढे एकदा तपासून पाहावे.

युरोपीय संघाच्या इरास्मस प्लस कार्यक्रमात उच्च शिक्षणाच्या क्षमतावृद्धीचे प्रकल्प असतात, आणि भारतातली विद्यापीठे त्यांत भाग घेऊ शकतात. त्यातल्या सर्वात लहान गटाचे अनुदानसुद्धा २ ते ४ लाख युरोंचे असते. तो अर्ज मात्र एकट्याने करता येत नाही. युरोपातली भागीदार विद्यापीठे आधी शोधावी लागतात, त्यांच्याशी वर्षभर पत्रव्यवहार लागतो, आणि खर्चाचा काही वाटा स्वतः उचलावा लागतो. संलग्नित महाविद्यालयातल्या एका प्राध्यापकाच्या ईमेलला तिकडून उत्तर येणे कठीण. तेच पत्र विद्यापीठाच्या पत्रशीर्षावरून गेले तर उत्तर येते.

आणि मग आपल्या दाराशी असलेला पैसा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे, ठरावीक मर्यादेच्या वरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. शिक्षण त्या यादीत आहे, आणि कंपनीने आपल्या कामाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे असेही कायदा म्हणतो. वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा कंपनीचे मुख्यालय नागपुरात आहे, मँगनीज काढणाऱ्या मॉइलचेही नागपुरातच. उमरेडच्या कोळसा खाणी आमच्या महाविद्यालयापासून फार लांब नाहीत, आणि तिथल्या कामगारांची मुले आमच्याच बाकांवर बसतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर हा पैसा घेऊन काम करणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ ही कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची नोंदणी लागते. विश्वस्त संस्था असेल तर आयकर सवलतीच्या नोंदण्याही लागतात. राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला मात्र या आयकराच्या नोंदण्यांशिवायही ही वाट मोकळी आहे. म्हणून मला वाटते की दहा महाविद्यालयांनी दहा कंपन्यांच्या पायऱ्या चढण्यापेक्षा विद्यापीठाने एकदा नोंदणी करून, दहा महाविद्यालयांचे मिळून एक प्रस्ताव न्यावा.

खाणीच्या पैशातून तंत्रशिक्षण ही नागपूरला नवी गोष्ट नाही. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने आपली संपत्ती नागपूर विद्यापीठाला दिली. ती संपत्ती मँगनीजच्या खाणींतून आली होती, आणि हेतू स्पष्ट लिहिलेला होता: उपयोजित विज्ञानाचे शिक्षण. त्यातून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली, आणि २०२३ साली तिचेच विद्यापीठ झाले. अमरावती रोडवरून जाताना ती इमारत दिसली की मला नेहमी वाटते, देणाऱ्याने दिले हे खरे, पण ते मृत्युपत्र वाचून, त्याचा हिशेब लावून, त्या पैशाची संस्था करणारीही माणसे होती. त्यांची नावे आपल्याला पाठ नसतात. आज कमी पडते आहे ते त्यांच्यासारखे माणूस.

माझ्या एका अर्जाचे काय झाले ते सांगतो. कुठल्या कार्यालयात झाले ते लिहीत नाही, कारण तिथल्या एकाही कर्मचाऱ्याचा त्यात दोष नव्हता. अर्ज तयार होता आणि मुदतीला २३ दिवस होते. फक्त संस्थाप्रमुखांचे संमतीपत्र हवे होते, एका पानाचे. फाइल विभागातून आस्थापनेकडे गेली, तिथून लेखा शाखेकडे. लेखा शाखेने टिपणी लिहिली की अनुदान मंजूर झाल्यास ते कोणत्या लेखाशीर्षाखाली जमा करायचे याचा खुलासा व्हावा. खुलासा मी त्याच दिवशी दिला. मग विचारणा आली की प्रकल्प संपल्यावर उपकरणांची जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, नोंद कोण करील. तोही खुलासा दिला. मधे चार सुट्ट्या आल्या. सही झालेले पत्र माझ्या हाती पडले तेव्हा मुदत उलटून पाच दिवस झाले होते. प्रत्येक प्रश्न रास्त होता. पण त्या प्रश्नांची उत्तरे एकदाच लिहून ठेवली असती, तर पुढच्या प्रत्येक अर्जाला तीच चालली असती. ती लिहून ठेवणे कोणाच्याच कामात बसत नव्हते.

दुसरा अनुभव त्याहून जास्त लागतो. एका वर्गात अनुदानातून आलेला परस्परसंवादी फलक आहे. पहिल्या वर्षी तो छान चालला. मग यूपीएसच्या बॅटऱ्या बसल्या, आणि देखभालीचा करार संपला. अनुदानात खरेदीचा पैसा होता, देखभालीचा नव्हता. खोलीला कुलूप लागले. मी एकदा किल्ली मागितली तेव्हा ती सांभाळणारे गृहस्थ काळजीने म्हणाले, "सर, चालू करतो, पण बिघडलं तं भरून कोण देईन?" त्यांची भीती खरी आहे. जडवस्तू नोंदवहीत त्यांची सही आहे. वस्तू वापरली नाही म्हणून कोणी त्यांना जाब विचारणार नाही. वापरताना बिघडली तर मात्र विचारतील. अनुदान मागतानाच देखभाल, प्रशिक्षण आणि माणसाचा वेळ यांचा खर्च धरला नाही, की नव्या वस्तूला हळूहळू कुलूप लागते. शिकवण्याच्या प्रकल्पाचा खरा खर्च वेळेचा असतो. एक चार मिनिटांची फीत करायला मला सरासरी एक पूर्ण दिवस लागला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन आहे. त्यात रिक्त पदांमुळे दुसऱ्याचे तासही घ्यावे लागतात. अर्ज, चित्रण, चाचण्या, हिशेब, शेवटी पैसा ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र, हे सगळे रात्री दहानंतर होते.

म्हणून बीजनिधी. समजा एका विद्यापीठाने वर्षाला २० अध्यापन प्रकल्पांना प्रत्येकी ७५ हजार दिले, तर १५ लाख होतात. अर्ज दोन पानांचा असावा आणि निर्णय तीस दिवसांत व्हावा. पैसा जूनमध्ये, सत्र सुरू होण्याआधी मिळावा. फेब्रुवारीत मंजूर होऊन मार्चअखेर खर्च करा म्हणून सांगितलेला पैसा वस्तूंवरच जातो, शिकवण्यावर जात नाही, हे आपण सगळे जाणतो. अट एकच घालावी, पण ती कडक असावी: प्रकल्पाआधी एक चाचणी, प्रकल्पानंतर एक चाचणी, आणि शक्य असेल तिथे जुन्या पद्धतीने शिकलेल्या बॅचशी तुलना. निकाल वाईट आला तरी तो लिहून द्यावा, आणि त्याबद्दल कोणाला दोष देऊ नये. पहिल्या वर्षी मला हेच शिकायचे राहून गेले होते. दुसऱ्या वर्षी मी दोन बॅच घेतल्या आणि पहिले वाचन कधी सुरू होते ते घड्याळ लावून टिपले. फिती पाहून आलेल्या बॅचने वाचने लवकर सुरू केली, पण आकडेमोडीत दोन्ही बॅच सारख्याच अडखळल्या. त्यावरून मला कळले की पुढची फीत दुर्बिणीवर नको, आकडेमोडीवर हवी. असा एक पानाचा पुरावा हाती असला, की मोठ्या अनुदानाच्या अर्जातला तो रिकामा रकाना भरता येतो.

आणि माणूस. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ खाली नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य असा विभाग असतो. त्याचे लक्ष साहजिकच स्टार्टअप आणि पेटंटकडे जाते. त्याच विभागात शिकवण्यासाठी एक टेबल टाकता येईल. त्या टेबलावर वर्षभराच्या मुदतींची दिनदर्शिका असावी. संमतीपत्राचा, लेखाशीर्षाचा आणि जडवस्तूंच्या नोंदीचा एकेक मसुदा कायमचा तयार असावा. मंजूर झालेले आणि नामंजूर झालेले जुने अर्ज, अर्जदाराच्या परवानगीने, नव्या माणसाला वाचायला मिळावेत. नामंजूर झालेल्या अर्जातून जास्त शिकता येते, असा माझा अनुभव आहे. संमतीपत्रावर सही करण्याचा अधिकार प्र-कुलगुरूंना किंवा अधिष्ठात्यांना देऊन, सात दिवसांत सही असा नियम करावा.

आपण म्हणाल, शिकवायलाच माणसे नाहीत, नवे पद कुठून आणायचे? हा प्रश्न मी हलका मानत नाही. माझ्याच विभागात मंजूर पदे रिकामी आहेत. नवे पद मंजूर होईपर्यंत थांबू नये, अशी विनंती आहे. ज्यांना या कामाची ओढ आहे अशा एका प्राध्यापकाचा कार्यभार दोन वर्षांसाठी निम्मा करावा, त्याचे उरलेले तास तासिका तत्त्वावरच्या अध्यापकाला द्यावेत, आणि हे काम त्याच्याकडे सोपवावे. एक मध्यम अनुदान आले तरी तो खर्च भरून निघेल. मालवीय मिशनच्या शिक्षक प्रशिक्षणात प्रस्ताव लेखनाची कार्यशाळा ठेवली, तर दुसऱ्या वर्षी त्याला मदतनीसही मिळतील.

एक विनंती या विभागाच्या संचालकांनाही. हे टेबल फक्त शहरातल्या महाविद्यालयांसाठी असू नये. सीताबर्डीपासून वीस मिनिटांवर असलेल्या माणसाला फाइलमागे जाता येते. नरखेड, रामटेक किंवा भिवापूरच्या माणसाचा एका सहीसाठी आख्खा दिवस जातो आणि त्या दिवसाचे त्याचे तास बुडतात. अर्ज ईमेलने घ्यावा, आणि फाइल कोणत्या टेबलावर आहे हे त्याला घरबसल्या दिसावे.

माझ्याकडे तीन अर्जांच्या फाइली आहेत. एक मुदत हुकलेला, एक नामंजूर, आणि एक मंजूर होऊन पूर्ण झालेला. तिन्ही फाइली, टिपण्या आणि परीक्षकांच्या शेऱ्यांसकट, मी कोणत्याही समितीला द्यायला तयार आहे. मंगळवार आणि शुक्रवार प्रॅक्टिकल असते. बाकी कोणत्याही दिवशी दुपारी दोननंतर बोलावले तर येईन.

आपला नम्र,
उमरेड रोडवरच्या एका महाविद्यालयातला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक
नागपूर